जाळीचा आवाज

नवरा गेल्यावर मालुबाई वडगावचं घर सोडून अनगोळात लेकाकडं राहायला आल्या. त्यांच्या खोलीत सेंट्रल एसीची हवा परत ओढून घेणारी जाळी होती. एसी लावला की ती नुसती घोंघावायची. जन्म कापड विणायच्या मागाच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळं मालुबाईंना त्याचं काहीच वाटत नव्हतं. तरी सून राजेश्वरीनं मेकॅनिक बोलावून मोठी जाळी बसवून घेतली आणि घोंघावणं थांबलं.

"माझी तक्रार न्हाय, मग हिलाच एवढी घाई का?" मालुबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यात आता स्वयंपाकघरातलं बोलणं जाळीतून स्पष्ट ऐकू यायला लागलं. म्हणजे आपलंही तिकडं ऐकू जात असणार. सुनेला आपल्यावर कान ठेवायचाय! जाळी बुजवायला त्या जुनं लुगडं घेऊन स्टुलावर चढल्या.

तेवढ्यात लेकाचा आवाज आला, "आईला त्या आवाजाचा तरास नव्हता गं. उगं कशाला केलंस?"

"आत्तींचं डोळं रोज सुजलेलं दिसायचं, पण त्या घोंघाटात रडणं ऐकूच यायचं न्हाय. आता ऐकू आलं, की जवळ जाऊन बसीन."