ओळखा, कोण म्हणालं?

"डॉक्टरांना काय कळतंय! तीस वर्षांत एकाही श्रोत्याच्या प्रश्नापाशी मी अडलेलो नाही," गास्पारनं हेडफोन चढवत निवेदिका ओदिलला ऐकवलं. श्रोत्यांनी पाठवलेलं वाक्य कोणाचं ते ओळखायची पॅरिसच्या रेडिओवरची ही विनोदी मैफल त्याचा जीव की प्राण. हल्लीचं विसरणं उघडं पडलं, तर खुर्ची जाणार होती.

ओदिलनं श्रोत्याचं पत्र वाचलं. "'माझी बायको इतकी अबोल, की भांडणसुद्धा मला एकट्यालाच करावं लागतं.' ओळखा, कोण म्हणालं?"

गास्पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "कोण गं हा? बोलवा की त्याला इथं!"

"गास्पार, तूच रे. याच खुर्चीत बसून."

त्यानं मुद्दाम गंमत केली असं समजून मैफलीतले बाकीचे गडी टेबल बडवत हसले. ओदिल हसली नाही.

कार्यक्रम संपल्यावर तो सगळ्यांचा निरोप घेऊन घरी निघाला आणि बाहेरचं दार समजून झाडू ठेवायच्या कपाटात शिरला.