पहिली निवड

"फेकतो तो," चहाचा कप खाली ठेवत जनार्दन नाचणकर म्हणाला. "कोपर वाकतं त्याचं. उद्या पंचांनी नो-बॉल द्यायला सुरुवात केली की बसा बोंबलत. मला फुकट दिला तरी नको."

मांडवाखाली बसलेल्या सगळ्या संघांच्या माणसांनी ते ऐकलं. त्यांनी ऐकावं म्हणूनच तो बोलला, हे धनंजयला स्वच्छ दिसलं.

जनार्दनचा शब्द म्हणजे मस्कतच्या कंपनी लीगमधला शेवटचा शब्द. त्याचा रुसैलचा संघ दरवर्षी जिंकायचा, आणि दुबईच्या व्यावसायिक लीगची माणसं खेळाडू हेरायला यायची ती त्याच्याच मॅचला. धनंजयचा कुरुमचा संघ तळाला. तळाला असण्याचा फायदा एकच. कॉलेज संपवलेल्या पोरांतून पहिली निवड तळाच्या संघाची आणि शेवटची विजेत्याची.

ज्याची निवड होईल त्याला त्या कंपनीत नोकरी आणि व्हिसा. मग दोन वर्षं तिथून हलायचं नाही, खेळायचंही तिथेच. कोणीच घेतलं नाही तर बापाच्या व्हिसावरचे दिवस संपले, गाठा दापोली.

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं त्या ओवेस मुकादमने त्या दिवशीच्या चाचणीत घाण गोलंदाजी केली, हे खरंच होतं. पण मागच्याच महिन्यात कॉलेजच्या सामन्यात धनंजयने त्याचे यॉर्कर पाहिले होते. फलंदाज पाय वाचवत उड्या मारत होते. महिन्याभरात हात कुजतो होय कोणाचा? पोरगं घाबरलं असणार, दुसरं काय. आणि कोपराचं म्हणाल तर धनंजय दिवसभर त्या कोपराकडेच बघत होता. पोळपाटावरच्या लाटण्यासारखं सरळ.

तेवढ्यात ओवेसची आई, बिलकीसभाभी, तरातरा मांडवात आली.

"जनार्दनभाऊ, एका गावची माणसं आपण. माझ्या लेकाला चारचौघांत लबाड ठरवलंत?"

"दिसलं ते बोललो, भाभी."

"अल्ला बघून घेईल तुम्हाला," ती म्हणाली आणि पदर सावरत निघून गेली.

धनंजयच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकेकाळी तो स्वतः सलामीला खेळायचा. "ह्याचे पाय हलत नाहीत," असं जनार्दन एकदाच बोलला आणि त्यानंतर कोणी धनंजयच्या हाती बॅट दिली नाही. आता हाच माणूस एका पोराचं आयुष्य चहाच्या घोटाबरोबर गिळायला निघाला होता. धनंजयने तेव्हाच ठरवलं, या वेळी नाही.

संध्याकाळी तो वादी अदाईला मुकादमांच्या घरी गेला. ओवेसचे वडील, बदरुद्दीनभाई, टीव्हीसमोर बसले होते. भाभीने चहा आणला.

"भाभी, काळजी सोडा. पहिलं नाव मी ओवेसचं घेतो."

तिच्या हातातला चहा बशीत सांडला.

"नका घेऊ, भाऊ."

"का?"

"मेहेरबानी नको कोणाची."

"मेहेरबानी कसली? पोरगं सोनं आहे. व्यावसायिक खेळाडू व्हायची लायकी आहे त्याची."

"म्हणूनच म्हणते, नका घेऊ. हात जोडते तुमच्यापुढे. चाचणीतला तो यूनुस चांगला खेळतो, त्याला घ्या."

दारात उभ्या ओवेसने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईने त्याच्याकडे पाहिलं, तसं त्याने ते मिटलं. बदरुद्दीनभाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

जिना उतरताना धनंजयचे डोळे भरून आले. काय ही बाई. पोराचं सगळं बुडायची वेळ आली, तरी मान खाली घालायला तयार नाही. अशा घरासाठी नाही लढायचं तर कोणासाठी लढायचं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्यालाही यूनुसच हवा होता, कारण जनार्दन यूनुसचं कौतुक करत होता.

"आपला संघ जनार्दन निवडतो का?" धनंजयने विचारलं.

"या वर्षी हरलास तर संघ दुसरा कोणीतरी निवडेल," अर्बाब म्हणाला. "खलास."

"चालेल," धनंजय म्हणाला. अर्बाबला असं उत्तर त्याने आजवर कधी दिलं नव्हतं.

मग जनार्दनचाच फोन आला.

"धन्या, मुकादमच्या पोराला घेतोयस म्हणे. नको घेऊस."

"घाबरलास?"

"हो, घाबरलो म्हण. पण माझं ऐक. तुझ्याकडे येऊन त्या पोराचं भलं नाही व्हायचं."

"ते मी बघतो," म्हणत धनंजयने फोन ठेवला. ह्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी नाही म्हटलं होतं, आणि ते आपण म्हटलं, याचं त्याला भारी सुख झालं.

शुक्रवारी दुपारी रुवीतल्या हॉटेलच्या हॉलमध्ये निवड होती. सगळे संघ, पोरं, त्यांचे आईबाप. एकदा उच्चारलेलं नाव मागे घेता येत नाही, हा नियम अध्यक्षांनी वाचून दाखवला आणि धनंजयकडे बोट केलं.

धनंजय उभा राहिला. "ओवेस मुकादम."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. धनंजय वळला.

"हसा. पोराचं कोपर सरळ आहे, हे मी इथे सगळ्यांसमोर सांगतो. कोणाला शंका असेल त्याने बॅट घेऊन माझ्या संघासमोर यावं. नाचणकर, तू सगळ्यांत आधी ये."

जनार्दनने मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्याची मान खाली गेलेली कोणी पाहिली नव्हती. धनंजयला छाती दोन इंच रुंद झाल्यासारखी वाटली. पाय हलत नाहीत म्हणे.

खुर्च्यांच्या रांगेतून बिलकीसभाभी उठून पुढे येत होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. धनंजयने आधीच हात जोडले. "आभार नका मानू, भाभी," तो म्हणाला.

ती त्याच्या शेजारून पुढे गेली आणि जनार्दनच्या समोर जाऊन उभी राहिली.

"तुमची पाळी येईपर्यंत माझ्या पोराला कोणी हात लावणार नाही, असं म्हणाला होतात ना, भाऊ?"