यादीत नोंदवा

दोन वर्षांपूर्वी बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, “अरे, तुझ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं मोठी होत नाहीत. वाचताना त्रास होतो रे.”

पुस्तकं वाचायचं ते सॉफ्टवेअर आम्ही काही हौशी मंडळी मिळून जगाला फुकट देतो. मी मान वर न करताच म्हणालो, “बाबा, तोंडी सांगितलेलं राहून जातं. सगळे आमच्या वेबसाइटवरच्या यादीत नोंदवतात, तुम्हीही नोंदवा.”

पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. मला वाटलं, भागलं असेल.

आज रखडलेल्या कामांची यादी निकालात काढायला बसलो. चारशे बारा कामं तुंबली होती. जुनं काम दिसलं की ‘पाठपुरावा नाही’ असा शेरा मारायचा आणि बंद करायचं, असा सपाटाच लावला. दोन वर्षांपूर्वीच्या एका नोंदीपाशी मात्र हात थांबला. नोंदवणाऱ्याचं नाव होतं ‘खिळेजुळारी’. छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवायचं हेच काम बाबांनी चाळीस वर्षं केलं होतं.

‘अक्षरे मोठी करता आली तर उपकार होतील. सवडीने करावे.’

खाली माझं उत्तर होतं, सगळ्यांना डकवतो तेच: ‘आभारी आहोत. अडचण नेमकी कोणत्या कॉम्प्युटरवर येते, ते कळवावे.’

त्याखाली त्यांचं उत्तर, त्याच दुपारचं:

‘आपल्या शेजारच्या खोलीतल्या.’