दगडाच्या पोटात

राजूरच्या वरच्या अभयारण्यात कडा फोडून रस्ता काढावा की नाही, याचा अहवाल भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापक सिल्व्हिया साळवे यांना द्यायचा होता. सोबत वाटाड्या म्हणून बुधाजी भांगरे होते. त्यांच्या कितीतरी पिढ्यांनी याच डोंगरावर गुरं चारली होती.

भर दुपारी सिल्व्हियाबाईंनी कड्याचा पहिला तुकडा हातोडीनं फोडला. लाव्हा थिजताना अशा काळ्या दगडात पोकळ्या राहतात आणि त्यांत स्फटिक वाढतात. या पोकळीत मात्र कारवीचं फूल होतं. जांभळं, ओलसर, नुकतं खुडल्यासारखं.

बुधाजी वाकून बघत राहिले. "औंदा कारवी फुललीच न्हाई, बाई. तिला अजून तीन वरसं हायेत."

"दगडाला कुठंतरी चीर असेल."

बाईंनी भिंग लावून दगड सगळीकडून तपासला. चीर नव्हती.

त्यांनी दुसरा दगड फोडला. आत चिमूटभर राख होती. बाईंनी तिला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. राख गरम होती.

"बास करा आता. चला खाली," बुधाजी म्हणाले.

"तुम्ही जा. खरं काय ते कळल्याशिवाय मी अहवालावर सही करणार नाही."

बुधाजी गेले नाहीत. बाईंनी तिसरा दगड गुडघ्यांमध्ये घट्ट धरला आणि हातोडी उगारली.

तेवढ्यात दगडाच्या आतून एक बाई हलकेच म्हणाली, "जरा दमानं. लेकरू आत्ताच निजलंय."