अर्ध्या आचेचा निष्कर्ष

परसातल्या दगडावर बसून आल्बिनामावशी डुकराच्या हृदयाला सिरका चोळत होत्या. सावकाश, खालीवर, तान्ह्या पोराला तेल लावावं तसं. दिनानाथ फाटकातच थांबला. दर रविवारी तो दहाला होळी बाजारात यायचा, त्यांच्या मांसाच्या दुकानाच्या पुढल्या बाजूने, आणि तयार बांधलेली पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवून निघून जायचा. आज सातलाच आला. दुकान उघडलं नव्हतं म्हणून मागच्या परसाकडे वळला, एवढंच.

"या मास्तर," मावशी म्हणाल्या. "तुमचंच चाललंय."

दिनानाथ मास्तर नव्हता. राहायला विरारला, फुलपाड्यात, आणि कामाला मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. पण चष्मा आणि खांद्यावरची झोळी बघून मावशींनी जे ठरवलं, ते त्याने कधी दुरुस्त केलं नाही.

हे आजच, की नेहमी, असं त्याने विचारलं.

"नेहमी. पयल्या दिवसापासून. तासभर सिरक्यात ठेवते, मग पान्याने धुते. वास राहत नाय. तुम्ही बामन मान्सं, बिल्डिंगीत राहता, जिन्यात कुनाला कळायला नको." मावशी हसल्या. "इग्नेशियस बोलला मला, बिचारा लपून खातो, जरा सांभाळून घे."

इग्नेशियस म्हणजे त्यांचा नवरा, दुकानाचा मालक. संस्थेच्या खरेदी विभागातून एक हृदय मिळवायला सात सह्या लागत आणि सातवी होईपर्यंत ते नासत असे, म्हणून वर्षापूर्वी दिनानाथ स्वतःच इथे आला होता. इग्नेशियसने तेव्हा डोळा मिचकावला आणि दिनानाथ गप्प राहिला. चोरून खाणाऱ्याला जगात सहानुभूती असते. आपण हे हृदय नेऊन ठिकठिकाणी जाळतो आणि मग त्यावर उजेड टाकून बघत बसतो, हे सांगायची त्याला लाज वाटली होती.

आता वाटली ती जरा मोठी होती.

ज्यांचे ठोके ताल सोडतात, त्यांच्या हृदयात डॉक्टर तार घालून बिघडलेला ठिपका जाळतात. तो पुरता जळला की नुसताच शेकला, हे बाहेरून कळत नाही. दिनानाथचं यंत्र प्रकाश टाकून ते दाखवायचं: चित्रात कच्चं मांस काळं, जळलेलं पांढरं. वर्षभराच्या चित्रांवरून त्याने सिद्ध केलं होतं की नेहमीच्या निम्म्या आचेतही मांस पुरतं जळतं. पेपर छापून आला होता. मंगळवारी संचालक हर्षवर्धन तो डॉक्टरांच्या सभेत मांडणार होते. त्यासाठीच एक ताजं चित्र हवं होतं. पुढच्या आठवड्यापासून एका हॉस्पिटलात पेशंटना निम्मी आच द्यायचं घाटत होतं.

सिरक्यातल्या आम्लानेही मांस पांढरं पडतं. हे कळायला पीएच.डी. लागत नाही, घरात मटण-मासळी शिजावी लागते. दिनानाथच्या घरात ती शिजत नव्हती.

आणि न जाळलेल्या तुकड्यांवरही पांढुरकी झाक होतीच. त्याने ती पाहिली होती. पाहून तळटीपेत लिहिलं होतं: 'हृदयाचे नैसर्गिक आवरण.' तळटीप कुणी वाचत नाही, हे त्याला लिहितानाही ठाऊक होतं.

"मावशी, मी हे खात नाही," तो म्हणाला. बाकीचं त्याने फाटकाच्या कडीकडे बघत सांगितलं. जाळणं, चित्रं, पेशंट, सगळं.

मावशींचे हात थांबले. "म्हंजे मी तुमचं काम नासवलं."

"नाही. मी विचारलं नाही."

"वर्सभर?"

त्याने मोबाइल काढला आणि तो विहिरीपलीकडे गेला.

हर्षवर्धनसरांनी शांतपणे ऐकून घेतलं. सिरका किती तीव्रतेचा, असं विचारलं. ते त्याला सांगता आलं नाही. मग म्हणाले, "आणखी कुणाला माहीत आहे हे?"

दिनानाथने मागे वळून पाहिलं. "पुरवठा करणाऱ्या बाईंना."

"त्या काही सभेला यायच्या नाहीत."

मंगळवार पार पडू दे, मग निवांत बोलू, असं सर पुढे म्हणाले. इतक्या समजूतदारपणे म्हणाले की दिनानाथला क्षणभर हायसं वाटलं. हायसं वाटल्याबरोबर त्याचे कान तापले.

"आज दोन हृदयं नेतो," तो म्हणाला. "सिरक्याने धुतलेलं आणि न धुतलेलं. दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी ठेवून सभेत दाखवा. नाहीतर मी येऊन दाखवतो."

पलीकडून फोन ठेवला गेला. सरांनी त्याचा फोन असा पहिल्यांदाच ठेवला होता.

मावशींना दोन हृदयं लागतील हे पुन्हा सांगावं लागलं नाही. त्या आतून दुसरं घेऊन आल्या, रक्तासकट. दोन्हींच्या वेगळ्या पिशव्या केल्या. धुतलेल्या हृदयाच्या पिशवीला गाठ मारून झाल्यावर त्यांनी वलणीवरच्या जुन्या फडक्याची लाल चिंधी फाडली आणि गाठीवर घट्ट बांधली.

"निशानी असू दे, मास्तर," त्या म्हणाल्या. "नायतर धुतलेलं कुठलं नि कच्चं कुठलं, तुम्हाला कळायचं नाय."