काचेमागची पाटी

मास्तर भडकले होते, आणि का भडकू नयेत? त्यांच्या शिवणकामाच्या दुकानाची दर्शनी काच, अख्खीच्या अख्खी, सकाळी सकाळी फुटली होती. तेही मास्तर दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेले तेवढ्यात.

आणि फोडली कशासाठी, तर काचेमागच्या पाटीसाठी. 'आमचं घर नव्या कायद्याच्या बाजूने' एवढंच तिच्यावर लिहिलं होतं. शिवी नाही, धमकी नाही. अरे, मत मांडणं म्हणजे काय दरोडा घालणं आहे?

"त्यानेच फोडली," समोरच्या औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवत मास्तर गिऱ्हाइकांना सांगत होते. "मी परत आलो तर हा रस्त्यात, काचांच्या खचात उभा. मला बघताच काहीतरी उचलून पिशवीत टाकलं."

औषधवाला कायद्याच्या विरोधात होता. रविवारच्या मोर्चात पार पुढे होता. पण मास्तरांच्या बायकोला तो वहिनी म्हणायचा, तिच्या खोकल्याचं औषध घरी आणून द्यायचा. त्याने असं करावं?

बायको फुटपाथवरच्या काचा झाडत होती. "अहो, जरा माझं ऐका ना..."

"तू मध्ये पडू नकोस. तुला यातलं काय कळतं? आधी वजन कुठंय ते बघ."

उघड्या चौकटीतून वारा येत होता. बेतायला घेतलेलं कापड टेबलावरून सारखं उडत होतं, आणि ते दाबून धरायचं लोखंडी वजन काही सापडत नव्हतं.

"अहो, तेच तर सांगतेय..."

"नंतर!"

दुपारपर्यंत मास्तरांच्या मताचे दहा-पंधरा जण जमले. सगळे तावातावाने समोर गेले. मास्तर पुढे.

"फोडलीस की नाही?"

"नाही," औषधवाला म्हणाला.

"मग कुणी फोडली?"

त्याने मास्तरांच्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे पाहिलं. "ते मी सांगणार नाही."

"ऐका! सांगणार नाही म्हणे!" मास्तरांचा आवाज फाटला. "मी कधी तुझ्या मोर्चाला आडवा आलो? तुझी पत्रकं तुझ्या दारावर, माझी पाटी माझ्या दुकानात. दुसऱ्याचं मत ऐकून घ्यायची दानत नाही, तर माणसांत राहता कशाला?"

"बरोबर बोललात!" मागून कुणीतरी ओरडलं. एकाने शेजारच्या बांधकामावरची वीट आणून मास्तरांच्या हातात दिली. "घ्या मास्तर, पहिला मान तुमचा."

 

मास्तरांनी हात उगारला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत त्यांची बायको आली, हातात झाडू तसाच. औषधाच्या दुकानाच्या काचेला पाठ लावून उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही घरी जा," औषधवाला घाईघाईने म्हणाला.

"बाजूला हो!" मास्तर ओरडले. "मध्ये पडू नकोस म्हटलं ना?"

ती हलली नाही. "भाऊजी," ती औषधवाल्याला म्हणाली, "पिशवीतलं आमचं वजन द्या. पाटीवर फेकलं होतं मी, एवढं लांब जाईल असं वाटलं नव्हतं." मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही, आता नवीन पाटी कराल ना, तिच्यावर 'आमचं घर' लिहू नका. 'मी' लिहा."