मूळ स्थिती

"मॅडम, वॉरंटी नाही मिळणार," सर्व्हिस सेंटरमधला तरुण नजर चुकवत म्हणाला.

नव्याकोऱ्या गाडीचा गिअर अडकतो, यात वैजयंताचा काय दोष? त्याने कागदावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. बाहेरून फेरफार केल्यास वॉरंटी रद्द. फेरफार म्हणजे तो दांडा. पोलिओमुळे पायांत जोर नाही, म्हणून हाताने ब्रेक दाबायला बसवलेला.

"अहो, आरटीओने मान्य केलाय तो. गिअरशी त्याचा काय संबंध?" तिने हात जोडले. "गाडीवाचून नोकरी जाईल हो माझी."

"दांडा काढून गाडी मूळ स्थितीत आणा. मग बघू."

"काढते," कुबड्या सावरत ती म्हणाली. "पण मग ती चालवत आणायची कोणी?"

त्याने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात तेवढं सोडून सगळं लिहिलेलं होतं.